आत्ता कुठं मजा येऊ लालती

माझा भाचा परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. मागच्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा चार रात्री त्याच्या जुन्या लॅपटॉपवर ‘द बॅनर सागा’ चालू होता. बर्फाळ मुलखातून शेकडो माणसांचा तांडा न्यायचा, वाटेत त्यांच्या पोटापाण्याचं बघायचं आणि मध्येच पट मांडून लढायचं, असा तो गेम. चौथ्या रात्री त्यानं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, “मावशी, आत्ता कुठं मजा येऊ लालती, अन् संपला की!”

आवाजात राग नव्हता. पंगतीत वाढपी आपल्यापाशी पोचायच्या आत भांडं रिकामं झालं की माणसाचा जो चेहरा होतो, तो होता.

मीही असे गेम खेळते. चाळिशी ओलांडलेली बाई रात्री अकराला लढाया करत बसते, याचं आमच्या घरात आता कुणाला काही वाटत नाही. त्या दिवाळीनंतर मी छोटे टॅक्टिकल गेम एकामागून एक खेळले आणि त्यांच्याविषयी जगभरच्या खेळाडूंनी लिहिलेली मतं वाचत गेले. ‘लवकर संपला’ ही तक्रार जवळपास दरवेळी भेटली. पण ती करणाऱ्या चार माणसांना एका जागी बसवलं तर त्यांचं एकमेकांत भांडण होईल, इतके तिचे अर्थ वेगळे निघाले.

ज्यांचा या गेमशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेममध्ये चौकटींचा पट असतो, आपली चार-सहा माणसं असतात. आपली पाळी, मग समोरच्याची पाळी. बोटांची चपळाई लागत नाही, विचार लागतो. बुद्धिबळाशी याचं नातं उघड आहे, मात्र इथला घोडा लढाईगणिक शिकत जातो, त्याला नाव असतं, आणि तो मेला तर वाईट वाटतं. आणि इंडी म्हणजे दोन-चार किंवा दहा-वीस जणांनी बड्या कंपनीच्या पैशाविना केलेला गेम. माणसं थोडी, पैसा थोडा, म्हणून गेमही बहुधा पाच ते पंधरा तासांचा.

आता ही मतं कुणाची, हे आधी पाहायला हवं. संगणकावरच्या गेमचं सर्वांत मोठं दुकान म्हणजे स्टीम. तिथे गेम घेतलेल्या माणसालाच मत देता येतं, आणि त्याच्या मताशेजारी त्यानं किती तास खेळलं तेही छापलं जातं. ही सोय फार चांगली. चाळीस मिनिटं खेळून निकाल देणारा तिथेच उघडा पडतो. पण मत दोनच प्रकारचं: अंगठा वर किंवा अंगठा खाली. ‘चांगला आहे, पण’ असं म्हणायला बटण नाही. मग शंभरांतले सत्तर-पंचाहत्तर अंगठे वर असले की गेमवर ‘बहुतांशी अनुकूल’ असा शिक्का बसतो आणि त्या सत्तरांतल्या निम्म्यांच्या मनातला ‘पण’ शिक्क्याखाली गाडला जातो. छोट्या गेमचं सगळं भांडण नेमकं त्या ‘पण’मध्ये असतं. शिवाय आपल्याकडे पेन ड्राइव्हवरून गेम घेणाऱ्या पोरांना त्या दुकानात अंगठाच नाही. परभणीच्या स्टेशन रोडवर चहा पिता पिता होणारी गेमची चर्चा, आणि ती बरीच कडक असते, जगाच्या हिशेबात कुठेच धरली जात नाही.

पहिला अर्थ पैशाचा. किती रुपयांत किती तास? हा हिशेब करणाऱ्यांना मोठी शहाणी माणसं हसतात. मला हसू येत नाही. ज्या पोराचा महिन्याचा खर्च घरून येणाऱ्या ठरलेल्या पैशांत भागतो, त्यानं पाचशे रुपयांचा गेम घेताना तास मोजले तर त्यात हलकेपणा कसला? फुकटात पबजी खेळून मोठी झालेली ही पिढी आहे. २०२० च्या सप्टेंबरात पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर, आणि पोरं एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहिली. खिशातून काही गेलं नव्हतं. त्यांना ‘हा गेम विकत घ्यायचा आहे आणि सहा तासांत संपणार आहे’ हे पटवणं सोपं नाही.

पण तासांच्या या मापाला एक वाईट टोक आहे. स्टीमवर २०१५ पासून नियम आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेला असेल तर पैसे परत. नियम ग्राहकाच्या बाजूचा, चांगलाच. मात्र गेम दीड तासाचा असेल तर? पूर्ण खेळायचा, कौतुक करायचं आणि पैसे परत घ्यायचे. २०२१ मध्ये ‘समर ऑफ ’५८’ या छोट्या भयकथेच्या गेमचं असंच झालं. मतं बहुतेक चांगली, परतावे ढीगभर; करणाऱ्यानं बेमुदत काळासाठी गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरात घडणारा ‘वेंबा’ हा २०२३ चा गेमही जेमतेम दीड तासाचा. त्याला पुढच्या वर्षी बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, आणि ‘दीड तासाला एवढे पैसे?’ हा प्रश्नही त्याच्या वाट्याला आला.

पैशाचा अर्थ मी इथेच सोडते, कारण माझ्या भाच्याची तक्रार ती नव्हती. गेम त्यानं सेलमध्ये अगदी स्वस्तात घेतला होता.

त्याची तक्रार समजायला मला त्याच्याच विद्यापीठाचा उपयोग झाला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं बदनापूरला तुरीचं संशोधन केंद्र आहे. तिथलं बीडीएन-७११ हे वाण साधारण दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत तयार होतं. जुन्या बीएसएमआर-७३६ ला एकशे सत्तर-ऐंशी दिवस लागतात. हलकी जमीन असेल, पाऊस लवकर उघडला, तर आमच्याकडचा शेतकरी कमी दिवसांच्या वाणाकडे वळतो. त्या तुरीला कुणी ‘लवकर संपली’ म्हणत नाही. ती कमी दिवसांत फुलते, शेंगा धरते, दाणा भरते. सगळं करते, फक्त लवकर करते. लांब मुदतीची तूर दीडशेव्या दिवशी कापली तर मात्र हाती पोचट दाणा लागतो. दोन्ही शेतं एकाच दिवशी मोकळी झालेली असतात. एकाचा मालक हसत असतो.

छोट्या गेमविषयीच्या मतांचा गुंता मला इथे सुटलासा वाटला. काही गेम कमी दिवसांच्या वाणाचे असतात. काही लांब मुदतीचे असून आधी कापलेले असतात. घड्याळात दोन्ही आठ तासांचेच भरतात.

महाराष्ट्रातलं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’. हा टॅक्टिकल नाही, धावपळीचा आहे, पण छोट्या इंडी गेमला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते पाहायला याच्याइतका जवळचा नमुना नाही. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी काम चालू राहिलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निन्टेंडो स्विचवर आणि दोन महिन्यांनी इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन होतं. डोंबाऱ्याच्या पोरीसारखी कसरती करणारी राजी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, हातात दुर्गेचं त्रिशूळ, राजस्थानी वाड्यांची आठवण देणाऱ्या इमारती, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट. देशी-परदेशी खेळाडू डोळ्यांच्या सुखाबद्दल एका सुरात बोलले. भांडण उरलेल्यावर झालं. कॅमेरा हलवता येत नाही, मार नेमका लागत नाही, इंग्रजी बोलणारी देवमंडळी कानाला खटकतात (नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले), आणि चार-सहा तासांनी गोष्ट एकदम तुटते.

‘तुटते’ हाच शब्द महत्त्वाचा. राजीवर रागावलेल्यांची मतं सलग वाचली तर तासांचा आकडा निमित्तापुरता असतो. शेवटच्या असुराशी लढाई झाल्यावर उत्तर मिळायला हवं होतं, तिथे नवा प्रश्न हाती येतो. कीर्तनकारानं आख्यान रंगात आणावं आणि ऐन प्रसंगी ‘उरलेलं पुढच्या सप्ताहात’ म्हणून अबीर लावायला सुरुवात करावी, तसं. वेंबा राजीपेक्षाही आखूड आहे, पण त्याचं आख्यान पूर्ण होतं. म्हणून त्याच्यावरची नाराजी पैशाभोवती फिरते आणि राजीवरची गोष्टीभोवती.

टॅक्टिकल गेमला मात्र गोष्टीखेरीज आणखी एक पीक असतं, आणि माझ्या भाच्याचं दुःख तिथलं होतं.

‘द बॅनर सागा’ जानेवारी २०१४ चा. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या तीन माणसांनी मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून केलेला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर एक लाख डॉलर मागितले होते, सात लाखांवर मिळाले. त्यातला लढाईचा नियम सांगायलाच हवा, कारण त्यावरची मतं वाचण्यासारखी आहेत. इथे माणसाची ताकद आणि त्याचा जीव हा एकच आकडा आहे. बारा ताकदीचा योद्धा जखमी होऊन तीनवर आला की त्याचा घावही तीनचाच. पुढे असं की एका बाजूला शेवटचा एकच उरेपर्यंत दोन्ही बाजूंच्या पाळ्या आलटून पालटून येतात, माणसं कमी-जास्त असली तरी. म्हणजे समोरचे सहा असले आणि तुम्ही त्यातला एक मारलात, तर उरलेल्या पाच धडधाकटांची पाळी उलट लवकर लवकर येऊ लागते. म्हणून हुशारी कशात? मारायचं नाही, लुळं करून सोडायचं. पाच अर्धमेले शत्रू पटावर रांगत ठेवायचे, म्हणजे समोरच्याच्या पाळ्या त्यांच्यात वाया जातात.

यावर खेळाडूंमध्ये उभी फूट आहे. काहींना हे हास्यास्पद वाटतं: शत्रू मारला की माझंच नुकसान, ही कुठली लढाई? काहींना हाच गेमचा प्राण वाटतो. मी दुसऱ्यांत आहे, पण पहिल्यांचं म्हणणं खोटं नाही. बहुतेक जण हा नियम कळायच्या आधीच अर्ध्या गेममधून पुढे गेलेले असतात. तो अंगवळणी पडतो सातव्या-आठव्या तासाला, आणि गेम संपतो दहाव्याच्या आसपास. जोडीला आणखी एक मेख. लढून मिळवलेली कीर्ती हेच इथलं नाणं. त्याच नाण्यात तांड्यासाठी धान्य घ्यायचं आणि त्याच नाण्यात योद्ध्यांना बढती द्यायची. दुष्काळात बियाणं आणि दाणागोटा एकाच पैशातून आणणाऱ्याला हा पेच नव्यानं समजावून सांगावा लागत नाही. पोटाला चिमटा घेऊन तुम्ही योद्धे तयार करता, ते कुठे चांगले लढू लागतात, आणि पडदा. पुढे २०१६ आणि २०१८ मध्ये दोन भाग आले, पहिल्या भागातली तुमची माणसं दुसऱ्यात नेताही येतात. पण २०१४ मध्ये हा एकच भाग हातात असलेल्या खेळाडूनं ‘लवकर संपला’ लिहिलं, ते अगदी खरं लिहिलं. निंदणी-खुरपणी सगळी त्यानं केली, सुगी दुसऱ्या भागात झाली.

‘शॅडोरन रिटर्न्स’ची कथा वेगळ्या वाटेनं गेली. २०१२ मध्ये छत्तीस हजारांवर लोकांनी मिळून अठरा लाख डॉलर दिले, जुलै २०१३ मध्ये गेम आला. भविष्यातलं सिअ‍ॅटल, जादू आणि संगणक एकत्र, डझनभर तासांची खुनाची कथा. खेळाडूंनी लिहिलं: लिखाण झकास, पण सरळ रेषेत चालवता, आखूड आहे, आणि हवं तिथे सेव्ह करता येत नाही. या शेवटच्या तक्रारीवर माझा वैयक्तिक अंगठा. जागोजागच्या ठरलेल्या टप्प्यांवरच तो गेम आपोआप सेव्ह व्हायचा, आणि आमच्याकडे ऐन लढाईत वीज जायची. माझ्या लॅपटॉपची बॅटरी तेव्हा शोभेपुरती उरलेली. एकच गोदाम मी तीनदा जिंकले.

गेम करणाऱ्या कंपनीनं या तक्रारी ऐकल्या, ही खरी बातमी. २०१४ मध्ये ‘ड्रॅगनफॉल’ आला: बर्लिन शहर, कायमचे साथीदार, त्यांच्या स्वतःच्या कथा, आणि हवं तिथे सेव्ह. आज या मालिकेतला कोणता भाग चांगला असं विचारलं तर बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. माझ्या मते त्याचं कारण तासांची भर नाही. साथीदार शेवटपर्यंत आपले राहिले, त्यांना शिकवलेलं वाया गेलं नाही.

आता कमी दिवसांच्या वाणाचा अस्सल नमुना. ‘इन्टू द ब्रीच’, फेब्रुवारी २०१८, जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांची सबसेट गेम्स. पट आठ बाय आठ, बुद्धिबळाएवढाच. आपली तीन यंत्रं. जमिनीतून राक्षसी किडे निघतात आणि पुढच्या पाळीला कोण कुठे घाव घालणार हे आधीच दाखवून ठेवतात. लपवाछपवी जवळजवळ नाहीच. आपण मारायचं कमी आणि ढकलायचं जास्त: या किड्याला एक घर सरकवलं की त्याचा घाव त्याच्याच भावावर बसतो. लढाई मोजक्या पाळ्यांत आटोपते, पूर्ण मोहीम एका-दोन संध्याकाळी. ‘लवकर संपला’ ही तक्रार इथे सर्वांत जोरात यायला हवी होती. ती फारशी येतच नाही. लोक शंभर-शंभर तास खेळून लिहितात की कालच्या रात्री एक चाल चुकली.

याचं उत्तर मला आजोळी मिळालं होतं, संगणक पाहण्याच्या कितीतरी आधी. गुरांमागची पोरं मातीत रेघा ओढून वाघ-बकरी खेळायची. वाघांना विटकरीचे तुकडे, शेळ्यांना खडे किंवा चिंचोके. वाघ तीन की चार, शेळ्या पंधरा की वीस, हे आकडे गावोगाव बदलतात. वाघानं उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी मिळून वाघाला जागच्या जागी कोंडायचं. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांच्या, लेण्यांच्या, किल्ल्यांच्या दगडांवर असे पट कोरलेले सापडतात, म्हणजे हा नाद फार जुना. डाव पंधरा-वीस मिनिटांत उरकतो. ‘लवकर संपला’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. ‘चल, अजून एक’ एवढंच ऐकलंय.

डाव आखूड चालतो, गोष्ट तुटलेली चालत नाही. टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेमची अडचण अशी की त्याला एकाच ताटात दोन्ही वाढायचं असतं. ‘इन्टू द ब्रीच’नं गोष्ट जवळपास सोडून दिली आणि सुटका करून घेतली, काही खेळाडू त्यालाच नावं ठेवतात, माणसं कोरडी आहेत म्हणतात, आणि ते बरोबर आहे. त्यातल्या कुठल्याही वैमानिकासाठी माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं नाही.

दोन्ही साधणारा अलीकडचा गेम म्हणजे ‘टॅक्टिकल ब्रीच विझर्ड्स’, ऑगस्ट २०२४. करणारा टॉम फ्रान्सिस पूर्वी गेमविषयी लिहिणारा पत्रकार होता; त्याचा २०१३ चा ‘गनपॉइंट’ तर एका बैठकीत संपायचा. इथे जादूगारांची एक तुकडी दारं फोडून खोलीत शिरते आणि शत्रूंना खिडकीबाहेर ढकलते. चाल करून पाहा, परिणाम बघा, नाही आवडली तर पाळी संपायच्या आत मागे घ्या, कितीदाही. कसलेल्या खेळाडूंपैकी काही म्हणतात, यानं गेम सोपा होतो. बहुसंख्यांचं म्हणणं, यानं भीती जाते आणि धाडस येतं. मतं भरभरून अनुकूल आहेत. लांबी राजीच्या काही पट, पण ‘शॅडोरन’पेक्षा फार मोठी नाही. फरक नियोजनात आहे: प्रत्येक जादूगाराला नवी विद्या मिळाली की ती वापरायला पुढे चार-पाच खोल्या शिल्लक असतात.

एक गट राहिला. छोटेपणाबद्दल आभार मानणारे. यांची मतं बहुधा अशी सुरू होतात: नोकरी आहे, लेकरं आहेत. मीही त्यातलीच. साठ तासांचा गेम माझ्याकडे वर्षभर अर्धवट पडून राहतो आणि परत उघडला की कुठलं बटण कशाचं तेही आठवत नाही. अशा माणसाला आठ तासांचा पूर्ण गेम म्हणजे एखादी दीर्घकथा. पण सावध राहावं लागतं, हा गट लहान असण्यालाच गुण मानू लागतो. प्राचीन भारतासारख्या भूमीत, दुष्काळानं पिचलेल्या भिम्रा नावाच्या कल्पित नगरात घडणारा ‘अनरेस्ट’ हा २०१४ चा पायरोडॅक्टिलचा गेम मी मराठवाड्याची म्हणून फार आशेनं खेळले. हाणामारीऐवजी बोलून मार्ग काढायचा, आलटून पालटून वेगवेगळ्या माणसांच्या जागी उभं राहायचं. कल्पना सोन्यासारखी. एका माणसाशी ओळख होते न होते तोच दुसऱ्याकडे जावं लागतं, आणि काही तासांत सगळं आटोपतं. तिथे छोटेपणाचे आभार मानणं मला जमलं नाही. कल्पना लांब मुदतीची होती, शेत आधी मोकळं झालं.

आणि भाषा. हे गेम वाचायचे असतात. ‘शॅडोरन’ तर निम्मी कादंबरीच. मराठीत मजकूर असलेला एकही टॅक्टिकल गेम मला आजवर खेळायला मिळालेला नाही. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या जिंतूर-सेलूच्या पोराला बारा तासांचा गेम वीस तासांचा होतो, आणि संवाद दाबून पुढे जाणाऱ्याला सहाचा. लांबीबद्दलचं मत देताना तो कुठला गेम खेळला, हे विचारावं लागेल. पुण्यातल्या स्टुडिओंनी इथे लक्ष घालावं. आठ तासांच्या गेमचा मजकूर मराठीत आणणं साठ तासांच्या गेमपेक्षा नक्कीच आवाक्यातलं आहे.

खेळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. अंगठा वर करा की खाली, सोबत मराठीत दोन ओळी लिहा. त्यात एकूण तास नसले तरी चालेल. शेवटची नवी विद्या कितव्या तासाला हाती आली आणि ती किती वेळा वापरायला मिळाली, तेवढं मात्र लिहा. पुढच्या माणसाला त्यावरून गेम घ्यायचा की नाही हे ठरवता येईल.